वर्षाचा एकच सामना

तान्हा पोळा जवळ आला, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शाळांच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. वर 'तालुकास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धा' असा मथळा, खाली तारखा, खेळांची नावे, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे वयोगट आणि तळाशी मुख्याध्यापकांची सही. शहरातल्या शाळेत असे कागद रोज लागतात आणि रोज निघतात. खेड्यातल्या हायस्कुलात मात्र हा एक कागद आठ-पंधरा दिवस शाळेचा नूर पालटून टाकतो. मधल्या सुट्टीत अर्धा डबा तसाच टाकून पोरे मैदानावर पळतात. एरवी कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुली ओढणी कमरेला बांधून रांगेत येतात. वर्गात कधी तोंड न उघडणारी एखादी अशी काही चढाई करते, की सगळी शाळा तिच्याकडे बघत राहते.

अमेरिकेत हायस्कूलच्या फुटबॉलसाठी गावेच्या गावे वेडी होतात, असे आपण ऐकतो. तिथे गेलेल्या मुला-सुनांच्या फोनमधूनही ते कळते. आमच्याकडे हायस्कूलचा तसा खेळ कोणता, असे कोणी विचारले तर मी विचार न करता कबड्डीचे नाव घेईन. फुटबॉलही खेळतात, पण अकरा खेळाडू, बरे मैदान आणि फुटका नसलेला चेंडू या तीन गोष्टी खेड्यातल्या शाळेत एका वेळी जमून येणे कठीण. कबड्डीला सात जण लागतात, पायाखाली जमीन लागते आणि छातीत दम लागतो.

मी मराठी शिकवणारी बाई. खेळाशी माझा संबंध यायचे तसे कारण नव्हते. पण मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाई हवीच, या रिवाजापोटी दरवर्षी माझे नाव पुढे व्हायचे. पहिल्या एक-दोन वर्षी मी वह्यांचा गठ्ठा तपासायला बरोबर नेला. नंतर वह्या घरी राहू लागल्या. नोकरी संपली तरी पोळ्याच्या आगेमागे कुठल्या ना कुठल्या मैदानाच्या कडेला मी उभी असतेच. इतक्या वर्षांत जे पाहिले, त्यातून एक गोष्ट मनात पक्की होत गेली. तीच आज वाचकांपुढे ठेवते.

आधी ही स्पर्धा चालते कशी ते सांगायला हवे, कारण पुष्कळ पालकांनाही ते नीट ठाऊक नसते. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके : वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. प्रत्येक तालुक्यात शाळांचे संघ एकमेकांशी खेळतात. तालुक्यात जिंकलेला संघ जिल्ह्याला जातो. जिल्ह्याचा विजेता विभागाला जातो, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या विजेत्यांसमोर उभा राहतो. खेळासाठी राज्याचे आठ विभाग केलेले आहेत. त्यांचे विजेते राज्य स्पर्धेत भेटतात. त्यापुढे शाळेचे नाव मागे पडते. निवडक खेळाडूंचा महाराष्ट्राचा संघ तयार होतो आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. त्या स्पर्धा भरवणारा भारतीय शालेय खेळ महासंघ १९५४ सालचा. राज्यात हा सगळा कारभार क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे असतो.

या व्यवस्थेचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या आडगावची मुलगी आणि मुंबईच्या नामांकित शाळेतली मुलगी एकाच शिडीच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहतात. कोणाची शिफारस लागत नाही, क्लबचे सभासदत्व लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. शाळेने नाव नोंदवले, की झाले. आपल्याकडे गरिबाच्या लेकराला अशी सरळ वाट दुसऱ्या किती ठिकाणी मिळते?

नाव नोंदवले की धावपळ सुरू. जन्माचा दाखला, शाळेचे प्रमाणपत्र, फोटो लावलेले आणि शिक्का मारलेले ओळखपत्र. वयाची अट असते, तशी कबड्डीत वजनाचीही. एखादी थोराड बांध्याची मुलगी वजनकाट्यावर उभी राहिली, की सगळ्या संघाचा श्वास अडकतो. पण खरी परीक्षा मैदानाची. आमची काळी कसदार जमीन कापसाला चांगली, खेळाला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात ती घोट्यापर्यंत पाय धरते आणि चार दिवस ऊन पडले की भेगाळते. मग ट्रॉलीभर मुरूम मागवायचा, पसरायचा, पाणी मारून चोपायचा, त्यावर चुन्याने रेषा आखायच्या. मध्यरेषा, निदान रेषा आखून होतात न होतात तोच ढग भरून येतात आणि सकाळी बघावे तर चुना वाहून गेलेला. पीटीचे सर पुन्हा दोरी धरायला पोरांना बोलावतात.

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच निघायचे. आष्टी-कारंज्याकडच्या मुलांना जिल्ह्याच्या सामन्यासाठी वर्ध्याला यायचे म्हणजे अंधारात घर सोडावे लागते. एसटी मिळाली तर एसटी, नाही तर काळीपिवळी. कोणाच्या डब्यात भाकर-ठेचा, कोणाच्या डब्यात काहीच नाही. ते सरांना बरोबर कळते. मग स्टँडवर तर्री-पोह्याच्या चार-पाच प्लेटा जास्तीच्या मागवल्या जातात आणि त्यांचे पैसे कोणी दिले याची कुठल्या वहीत नोंद होत नाही. संघाचा पोशाख एकसारखा असला तरी पायांकडे पाहिले की घराची परिस्थिती समजते.

आणि मग सामना. मुलींचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन डावांचा, मधे पाच मिनिटांची विश्रांती. पहिल्या चढाईला आमच्या मुलींचे पाय थरथरतात, कारण अनोळखी संघासमोर उभे राहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असते. आपापसांत खेळताना कोण डावीकडून जाते, कोण बोनस घ्यायला पाय टाकते, हे सगळे पाठ झालेले असते. समोर नवा संघ आला, की ते पाठांतर कामाला येत नाही. डाव समजेपर्यंत एक लोण चढतो, सावरेपर्यंत मध्यंतर होते. दुसऱ्या डावात रंग भरू लागतो, पकडी बसू लागतात आणि त्याच वेळी पंचांची लांब शिट्टी होते. सकाळचे अकराही वाजलेले नसतात.

अशाच एका सकाळी, हरल्यावर झाडाखाली बसलेल्या नववीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "मॅडम, म्हंजे आता पुढल्या वर्षीच का जी?"

ती रडत नव्हती. तिला फक्त माहिती हवी होती. मी "हो" म्हटले. ती मुलगी आठवी, नववी आणि दहावी अशी तीन वर्षे संघात होती. तिन्ही वर्षे तालुक्याच्या पहिल्याच फेरीत आमची गाठ तयारीच्या संघाशी पडली. तिच्या शाळेतल्या कबड्डीचा एकूण हिशेब मांडला तर तो असा : तीन वर्षे, तीन सामने, नव्वद मिनिटे. पुढे लग्न झाले, सासर दुसऱ्या जिल्ह्यात. चढाईला निघताना मध्यरेषेला हात लावून तो कपाळाला टेकवायची तिची लकब माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

हा दोष तिच्या नशिबाचा नाही, स्पर्धेच्या पद्धतीचा आहे, हे मला हळूहळू उमगले. आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला तो घरी गेला. बत्तीस संघ उतरले असे धरा. विजेता ठरवायला एकतीस सामने लागतात. त्यातले सोळा संघ, म्हणजे निम्मे, एकच सामना खेळून परततात. आणखी आठ संघांच्या वाट्याला दोन सामने येतात. म्हणजे बत्तिसांपैकी चोवीस संघांचे वर्ष एका किंवा दोन सामन्यांत संपते. विजेत्यालाही मिळतात पाचच. संघ सोळा असोत की चौसष्ट, निम्म्यांचा हिशेब तोच राहतो. जी मुले सर्वांत कच्ची, ज्यांना खेळायची सर्वांत जास्त गरज, त्यांना सर्वांत कमी खेळायला मिळते. गणितात कच्च्या मुलाला आपण जास्त उदाहरणे सोडवायला देतो. खेळात मात्र पहिले उदाहरण चुकले, की त्याची पाटी काढून घेतो.

गंमत अशी, की वरच्या पायऱ्यांवर हे चित्र बदलते. शालेय फुटबॉलची देशातली मानाची स्पर्धा म्हणजे सुब्रतो चषक. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तिच्या अंतिम टप्प्यात संघांचे गट पाडून आधी साखळी सामने खेळवतात. हरलेल्याला सावरायची संधी मिळते. पण तिथपर्यंत पोहोचतात ते आधीच जिंकत आलेले. साखळीची खरी गरज असते ती खाली, तालुक्यात.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या हायस्कूल फुटबॉलमध्ये आपल्याला घेण्यासारखे काय आणि सोडण्यासारखे काय, ते निवडून पाहिले पाहिजे. त्यांचे फुटबॉल म्हणजे आपले पायाने खेळायचे फुटबॉल नव्हे. लांबोळका चेंडू हातात घेऊन धावायचे आणि एकमेकांना धडका द्यायच्या, असा तो खेळ. टेक्सास राज्यात शाळांच्या स्पर्धा भरवणारी संघटना १९१० सालापासून काम करते आहे. त्याच राज्यातल्या ॲलन नावाच्या गावाने २०१२ साली आपल्या हायस्कूलच्या संघासाठी अठरा हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभारले. त्याला सहा कोटी डॉलर खर्च आला. ते आपल्याला नको. डोक्याला बसणाऱ्या मारामुळे त्या खेळाबद्दल तिकडच्या पालकांत जी काळजी आहे, तीही आपल्याला नको. पण त्या झगमगाटाच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. पानगळीच्या हंगामात प्रत्येक शाळेचा संघ साधारण दहा सामने खेळतो. जिंको वा हरो, पुढच्या शुक्रवारी सामना आहेच. त्यानंतर पुढे जाणाऱ्यांची बाद फेरी सुरू होते. दर आठवड्याला सामना असतो म्हणून गाव जमते. आज हरलेला मुलगा उद्या रस्त्यात भेटला, की लोक त्याला शुक्रवारबद्दल विचारतात.

मुलींच्या बाबतीतही तिथले एक उदाहरण लक्षात ठेवावे असे आहे. शिक्षणसंस्थांत मुलगे आणि मुली असा भेद करता येणार नाही, असा कायदा १९७२ साली तिथे झाला. त्याआधी तीन लाखांहून कमी मुली हायस्कूलच्या संघांतून खेळत होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. मुलींना मुळात खेळाची आवड नसते, हे म्हणणे एका कायद्याने खोटे ठरवले.

जपानचे उदाहरण थोडे निराळे. तिथे हायस्कूलची बेसबॉल स्पर्धा १९१५ सालापासून चालते आणि १९२४ पासून ती कोशिएन नावाच्या मैदानावर होते. सगळा देश दूरदर्शनसमोर बसून ती पाहतो. ती आपल्यासारखीच बाद पद्धतीची आहे. पण उन्हाळ्यातल्या त्या मोठ्या स्पर्धेखेरीज वसंतात आणि शरदात स्पर्धा होतात आणि एरवी शाळा एकमेकींशी सराव सामने खेळतात. कोशिएनवर हरलेली मुले मैदानातली मूठभर माती पिशवीत भरून घरी नेतात. हरलेल्यांनाही काही तरी बरोबर न्यायला मिळावे, हे तिथल्या लोकांना पटलेले आहे.

एवढ्या लांब कशाला, आपल्या कोल्हापूरकडे पाहू. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशा पेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर साखळी सामने खेळतात आणि गर्दी उसळते. ही गर्दी काही एका दिवसात जमलेली नाही. वर्षानुवर्षे तेच संघ पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर येत गेले, त्यातून ईर्षा वाढली, त्यातून प्रेक्षक आले आणि त्या प्रेक्षकांतून नवे खेळाडू आले. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात आपल्या संघातून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. आमच्या शेजारच्या नागपुरातही जिल्हा फुटबॉल संघटनेची साखळी स्पर्धा चालते. तिथल्या मुलांना मोठ्यांचे सामने बघायला मिळतात आणि खेळायलाही मिळतात. साहजिकच विभागाच्या स्पर्धेत आमचा संघ नागपूर-कामठीच्या मुलांसमोर उभा राहिला, की फरक पायांत तर दिसतोच, त्याहून अधिक तो डोळ्यांत दिसतो. त्यांच्या डोळ्यांत बुजरेपणा नसतो.

नागपूरचे आणखी एक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली आणि २००१ पासून त्यांच्यासाठी फुटबॉल उभे केले. त्यावरचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला. चित्रपटात नाट्य असणारच. पण बारसे सरांनी केलेली गोष्ट मुळात साधी होती. पोरांना त्यांनी चेंडू दिला आणि पुन्हा खेळायला या असे सांगितले.

मग आमच्याकडे प्रेक्षक नाहीत का? भरपूर आहेत. दिवाळीनंतर थंडी पडू लागली, की गावोगावी खुल्या कबड्डीचे दिवस-रात्र सामने होतात. पत्रके छापली जातात. पहिले बक्षीस अमुक यांच्याकडून, दुसरे तमुक यांच्या स्मरणार्थ, उत्कृष्ट चढाईचे आणखी कोणाकडून. दिव्यांच्या उजेडात, ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात, घोंगड्या पांघरून माणसे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसतात. पंचाने एखादा गुण चुकवला तर आख्खे मैदान उठून उभे राहते. म्हणजे खेळ समजणारी, खेळावर जीव टाकणारी माणसे गावात आहेत. पण तिथे खेळतात ते वाढलेले गडी. त्याच गावच्या हायस्कूलच्या मुलींचा सामना तालुक्याला होतो, तेव्हा कडेला दोन-चार बाप, चहावाला आणि आपल्या पाळीची वाट पाहणारे दुसरे संघ एवढीच मंडळी असतात. यात गावकऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कामाच्या दिवशी, वीस-पंचवीस किलोमीटरवर, किती वाजता सुरू होईल आणि कधी संपेल याचा भरवसा नसलेला एक सामना पाहायला मजुरी बुडवून कोण जाईल?

वर्तमानपत्रात बातमी येते, तीही जिंकलेल्यांची. जिल्ह्याच्या पानावर छायाचित्र असते. पुढे खुर्च्यांवर संस्थेचे पदाधिकारी आणि मुख्याध्यापक, मागे उभ्या मुली, त्यांतल्या दोघींचे चेहरे दुसऱ्यांच्या डोक्याआड. खाली ठरलेले वाक्य : विद्यार्थिनींनी आपल्या यशाचे श्रेय आई-वडील, मुख्याध्यापक व शिक्षकवृंद यांना दिले आहे. ते कात्रण मुली वर्षानुवर्षे जपून ठेवतात. आपला चेहरा दिसत नसला, तरी आपण कुठे उभ्या होतो ते त्यांना ठाऊक असते.

खेळातल्या यशाचे फायदे आहेत. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पालकांना समजावताना मीही ते सांगत आले. पण ती फळे वरच्या फांदीची. शेकडो मुलींतून एखादीच तिथवर पोहोचते. उरलेल्यांना खेळाने काय द्यायचे? माझ्या मते, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय. आमचा जिल्हा कापसाचा. एका पावसाने, एका बोंडअळीने, एका पडलेल्या भावाने वर्ष हातचे जाते, हे इथले लेकरू घरात पाहत असते. हरलेल्या हंगामानंतर माणसे कशी खचतात आणि त्या खचण्याचा शेवट कधी कधी कसा होतो, हे विदर्भाला सांगायची गरज नाही. कबड्डीने शेतीचे दुखणे बरे होणार नाही, एवढे मला समजते. पण ज्या मुलाला आज हरून पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात उतरायची सवय आहे, त्याला एक शिकवण अंगातून मिळते. पुस्तकातला धडा तिथवर पोहोचत नाही. खेळात तर बाद झालेला खेळाडू आपल्या सोबत्यांनी गुण मिळवला की पुन्हा आत येतो. इतका दयाळू नियम असलेल्या खेळाच्या स्पर्धेत बाद झालेल्या शाळेला आपण वर्षभर बाहेर बसवतो.

मुलींसाठी तर वेळ आणखी कमी. दसऱ्यापासून कापूस वेचणीला येतो आणि सुट्टीच्या दिवशी आईबरोबर शेतात जायचे असते. दहावीनंतर कॉलेज तालुक्याच्या गावी, एसटीच्या वेळा अवघड. ज्यांचे खेळणे सुटते त्यांचे बहुतेक कायमचे सुटते. आठवी ते दहावी या तीन वर्षांतच जे मिळेल ते मिळेल. तीही आपण नव्वद मिनिटांत उरकायची का?

या सगळ्याचा कणा असतो पीटीचा शिक्षक. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने विदर्भाला असे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या दिले. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. १९३६ साली तिच्या चमूने बर्लिनला जाऊन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले आणि मुलींना ते २०१० साली ग्वांगझूला मिळाले. हुतूतूने इतका लांबचा पल्ला गाठला. खेड्यातल्या शाळेत मात्र तो शिकवणारा माणूस दुर्मिळ होत चालला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. गावे आटत चालली, पटसंख्या कमी झाली, त्या लहान शाळांनी काय करावे? तिथे गणिताचे किंवा हिंदीचे सर शिट्टी गळ्यात अडकवतात. मी अशा सरांना नियमांचे पुस्तक पाठ करताना पाहिले आहे. त्यांचे उपकार मोठे, पण असे किती दिवस चालणार?

म्हणून माझी सूचना अगदी घरगुती आहे. तिला नवा कायदा नको आणि स्टेडियम तर मुळीच नको. सायकलीने जाता येईल अशा अंतरावरच्या सहा शाळांनी एकत्र यावे. प्रत्येकीने इतर पाच जणींशी एकेक सामना खेळावा. एकूण पंधरा सामने होतात. दर शनिवारी तीन याप्रमाणे पाच शनिवारांत संपतात. शनिवारी शाळा सकाळची असते, दुपार मोकळी. दिवाळीची सुट्टी संपली की सुरू केले, तर जमीन वाळलेली असते, हवा थंड असते आणि नाताळच्या आत सगळे आटोपते. दहावीच्या सराव परीक्षांनाही धक्का लागत नाही. खर्च म्हणाल तर चुना, शिट्टी, पाण्याचा माठ आणि गूळ-शेंगदाणे. पंच म्हणून गावातले जुने खेळाडू आनंदाने येतील. रात्रीच्या सामन्यांत पंचाशी भांडणारेच उद्या स्वतः पंच झाले, तर त्यांचेही भले होईल. आणि सामने आलटूनपालटून सहाही गावांत झाले, तर ज्या गावात सामना असेल तिथले आई-बाप आपोआप कडेला येऊन उभे राहतील.

शासनाची तालुका ते राज्य ही शिडी तशीच राहू द्यावी. ही साखळी त्या शिडीखालची जमीन होईल. पुढच्या पोळ्याला तालुक्याच्या मैदानावर उतरणाऱ्या मुलींच्या गाठीशी आदल्या हिवाळ्यातले पाच सामने असतील. पहिल्या चढाईला त्यांचे पाय थरथरणार नाहीत.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा, की वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पायात बूट लागतात, मग मातीवर सराव करून काय उपयोग? अडचण खरी आहे. अनवाणी खेळलेल्या मुलीला मॅटवर पहिल्यांदा पाय ठरत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक तरी मॅट असावी आणि सगळ्या शाळांना ती पाळीपाळीने मिळावी, ही मागणी रास्त आहे. पण मॅट येईपर्यंत खेळ थांबवून ठेवणे म्हणजे विहीर बांधून होईपर्यंत तहान लागू न देण्यासारखे. दुसरा आक्षेप जुना : अभ्यास बुडेल. आठवड्याचा एक तास गेल्याने कोणाचा अभ्यास बुडाल्याचे माझ्या नोकरीत मी पाहिले नाही. उलट, संघात राहायचे म्हणून शाळा न चुकवणाऱ्या मुली मात्र पाहिल्या आहेत.

१९३७ च्या ऑक्टोबरात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ वर्ध्यात जमले होते. गांधीजी अध्यक्ष होते आणि पुढे झाकीर हुसेन यांच्या समितीने जी योजना तयार केली, ती 'वर्धा योजना' म्हणून इतिहासात गेली. मुलाचे शिकणे पुस्तकात कोंडून ठेवू नका, हाताला काम द्या, हा तिचा गाभा. ज्या जिल्ह्याच्या नावाने ती योजना ओळखली जाते, त्या जिल्ह्यात पाच शनिवारांची दुपार मैदानासाठी काढणे जड जाऊ नये.

वाचकांपैकी कोणी शिक्षक असतील, कोणी शाळा समितीवर असतील, कोणी कधी काळी गावच्या संघातून खेळलेले असतील. येत्या हंगामात जवळच्या शाळेत एकदा जाऊन विचारा, की तुमचा संघ वर्षात किती सामने खेळतो. उत्तर 'एक' असे आले, तर शेजारच्या गावच्या शाळेत जाऊन तोच प्रश्न विचारा. दोन शाळा तिथेच मिळाल्या. उरल्या चार.